फोटोवरून फॅट सांगणारी अ‍ॅप्स : पैलवानाला कमी, सडपातळाला गोड

ही अ‍ॅप्स चरबी मोजत नाहीत. समोरून आणि बाजूने काढलेल्या फोटोतून अंगाची कड तेवढी घेतात, तुम्ही भरलेल्या उंचीवरून कंबर-मानेचे सेंटिमीटर काढतात. पुढे काही अ‍ॅप्स ती मापं सूत्रात घालतात, काही आधी शिकवलेल्या शरीरांशी ताडतात. उंची बूट घालून मोजली असेल तर सगळी मापं तिथेच फुगली.

बेळगाव-खानापूरकडच्या तालमीतल्या मुलांनी सूत्रवाल्या अ‍ॅप्सपासून जास्त सावध राहावं. अमेरिकी नौदलाचं सूत्र पुरुषांच्या कंबरेतून मान वजा करतं. उंची १७० सेंमी, कंबर ९०, मान ३७ असेल तर साधारण २२ टक्के येतात. बाकी सगळं तेच ठेवून मान ४३ करा, आकडा १८ वर उतरतो. चरबी कणभरही हललेली नाही, फक्त मान भरली. कटिंग, म्हणजे चरबी उतरवण्यासाठी खाणं कमी करणं, कुठे थांबवायचं हे असल्या आकड्यावर ठरवू नका.

सडपातळ माणसाचीही फसगत होते, पण कारण वेगळं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, ही ठेवण घरोघरी दिसते. पोटाच्या आतली चरबी कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यामुळे अशा माणसाला अ‍ॅपने दिलेला गोड आकडा आम्ही धोक्याचाच मानतो.

तरी वापरायचंच तर मोबाइल स्टुलावर किंवा स्टँडवर बेंबीच्या उंचीला, सरळ उभा ठेवा. तो पुढे कलला की वरचं अंग रुंद आणि पाय बारीक येतात, मागे कलला की उलट. लेन्स १एक्स ठेवा, ०.५ कडांना ताणते. ब्यूटी फिल्टर बंद, १० सेकंदांचा टायमर, अंगाला घट्ट शॉर्ट्स, हात काखेपासून सुटे, श्वास नेहमीसारखा सोडलेला. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी काढा. जुलै-ऑगस्टात बेळगावात दिवसभर अंधारून येतं, एका बाजूच्या ट्यूबलाइटमध्ये सावली कमरेला चिकटते आणि अ‍ॅप तीही अंगात धरतं. दिवा समोरून हवा. लागोपाठ तीन वेळा काढून बघा. २ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मांडणी चुकली आहे.

एकेका आकड्याला आम्ही ५ पैकी २ देऊ, त्याच जागी दर चार आठवड्यांनी काढलेल्या फोटोंतून दिसणाऱ्या फरकाला साडेतीन. वर्षाचे पैसे आधी भरू नका. फ्लाइट मोडवर आकडा येतच नसेल तर तुमचा उघडा फोटो बहुधा बाहेरच्या सर्व्हरवर जातोय. चेहरा वगळा आणि सोडताना अ‍ॅप नुसतं काढून टाकू नका, आधी खातं डिलीट करा.

सोबत टेप हवीच. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध धरा. पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी ओलांडलं की अ‍ॅप काहीही म्हणो, साखर तपासून घ्या. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणलेली असते, आधी स्टीलच्या पट्टीशी लावून बघा.