बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

मार्चमध्ये बाथरूमला सहा इंची (१५० मिमी), लोखंडी बॉडीचा एक्झॉस्ट फॅन बसवला. आता दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणजे बदलापूरचा सगळा पावसाळा त्याने काढला. फॅन काम चोख करतो. छताच्या कोपऱ्यात दरवर्षी धरणारी काळी बुरशी यंदा धरली नाही, हे माझ्यासाठी पुरेसं आहे. ३० वॅटचा आहे. रोज तासभर चालवला तरी महिन्याला जेमतेम एक युनिट जातं. दाराखाली बोटभर फट मात्र ठेवा. आत हवाच आली नाही तर फॅन नुसता घोंघावत राहतो.

खरं सांगायचं आहे ते वायरिंगचं. दुकानात सगळे विचारतात आवाज किती, गॅरंटी किती. ओल्या भिंतीतून २३० व्होल्ट नेतोय, याची चौकशी कुणी करत नाही.

आमच्या वायरमनने फॅन खोक्यातून काढायच्या आधी बाथरूमचा दिवा बंद करून होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजवर (करंट आणणाऱ्या वायरीवर) न देता न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) दिला होता. दिवा विझायचा, पण होल्डरपर्यंत फेज चोवीस तास जिवंत. स्विच नेहमी फेजवरच हवा, आणि बाथरूमच्या बाहेर. त्याने डीबीतला (मेन बोर्डाच्या डब्यातला) एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा सेफ्टी स्विच, पाडला, कुणी चुकून वर करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी मारली आणि मगच बोर्ड उघडला.

फॅनच्या वायरी तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. आमच्या भिंतीतल्या लाल, काळी, हिरवी. तपकिरी लालला (फेज), निळी काळीला (न्यूट्रल), हिरवी-पिवळी हिरवीला (अर्थ). यात एक खाच आहे. थ्री-फेज वायरिंग असलेल्या घरात भिंतीतली निळी वायर फेजसुद्धा असू शकते. म्हणून रंगावर विसंबू नका, मीटर लावा. आमच्याकडे फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास आणि फेज-अर्थ जवळपास तेवढंच दिसलं, तेव्हा अर्थिंगची वायर नुसती लोंबत नाही एवढं कळलं. लोखंडी बॉडीच्या फॅनला अर्थ जोडायचा कंटाळा करणारे वायरमन मी पाहिले आहेत. अशाला सरळ नाही म्हणा.

जोडणी नुसत्या टेपवर सोडली नाही. कनेक्टर लावून झाकणाच्या डबीत बंद केली, आणि डबीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल दिला. जुलैत पाऊस तिरपा येऊन शटरच्या पट्ट्यांमधून आत उडायचा, तेव्हा त्याचा उपयोग कळला: पाणी झोलाच्या तळाला जमून खाली ठिबकायचं, डबी आतून कोरडी.

सगळ्यात मोलाचा खर्च मात्र ३० मिलीअँपच्या आरसीसीबीचा. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट सांभाळतो. माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणारा थोडासा करंट त्याच्या गावीही नसतो. तो आरसीसीबी ओळखतो आणि लाइन तोडतो. ऑगस्टमध्ये आमचा आरसीसीबी सारखा पडायला लागला. सगळ्यांनी नव्या फॅनवर बोट ठेवलं. वायरमनने सगळे एमसीबी पाडून एकेक वर केला, तर गीझरचा वर करताच पडला. पाणी तापवणाऱ्या एलिमेंटमधून करंट लीक होत होता. फॅन बसवायच्या निमित्ताने आरसीसीबी लागला नसता, तर त्याच गीझरच्या पाण्याने घरातली पोरं आंघोळ करत राहिली असती. आरसीसीबीचं टेस्ट बटण मी महिन्यातून एकदा दाबतो.

फॅनची लाइन गीझरच्या १६ अँपवरून काढू देऊ नका, दिव्याच्या लाइनवरून घ्या. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढा. एक्झॉस्ट हा त्यावरचा उपाय नाही, त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

तक्रार एकच: पात्यांवर ओलसर धुळीचा थर लवकर बसतो आणि मग आवाज वाढतो. पुसताना नुसता स्विच नाही, एमसीबी पाडायचा. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच आकार घेईन, फक्त आयपीएक्स४ (कुठूनही उडणारं पाणी सोसणारा) लिहिलेला बघून.