जिओफोन की कार्बन ए४०?

२०१७च्या दिवाळीत साधा फोन बदलून स्वस्त ४जी फोन घेणाऱ्यांपुढे हा पेच होता.

जिओफोनची अनामत १,५०० रुपये. तीन वर्षांनी फोन परत दिला तरच ती पूर्ण मिळणार. एअरटेलच्या योजनेतल्या कार्बन ए४० इंडियनला आधी २,८९९ मोजायचे. पहिल्या अठरा महिन्यांत ३,०००चे रिचार्ज केले तर ५०० परत, पुढच्या अठरांत तेवढेच केले तर आणखी १,०००. फोन आपल्याकडेच. म्हणजे जाहिरातीतला ‘१,३९९चा फोन’ ६,०००च्या रिचार्जवर उभा. रिचार्ज कमी पडले की परतावा गेला.

कार्बनवर अँड्रॉइड, प्ले स्टोअर, चार इंची टचस्क्रीन. पण रॅम १ जीबी, बॅटरी जेमतेम १,४०० एमएएच. जिओफोनला बटणं, २.४ इंची पडदा, २,००० एमएएचची बॅटरी. व्हॉट्सअ‍ॅप तिथे पुढे २०१८ साली पोचलं, आणि सिम जिओचंच लागायचं.

बोलणं, गाणी एवढंच हवं असलेल्या आजी-आजोबांना तेव्हा जिओफोन बरा होता. ज्याला स्वतःच्या पसंतीची अ‍ॅप हवी होती आणि ज्याचा रिचार्ज नेमाने व्हायचा, त्याला कार्बन बरा होता.