नेक्स्टस्ट्रेन: झाड झकास, नकाशा जरा जपून

विषाणूंची वंशावळ दाखवणाऱ्या या वेबसाइटला पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

मी अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात पॅथॉलॉजी लॅब चालवतो. आरटी-पीसीआरचं मशीन माझ्याकडे नव्हतं, स्वॅब घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यातून पुढे पाठवायचे एवढंच काम. २०२० मध्ये घरात एकजण करोना पॉझिटिव्ह निघाला की बाकीच्यांपैकी एखादाच निघायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र पाच स्वॅब गेले की पाचही पॉझिटिव्ह, सीटी व्हॅल्यू पंधरा-सोळा, म्हणजे नमुन्यात विषाणू भरपूर. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी अमरावती आणि अचलपुरात लॉकडाऊन लागला. त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नेमका प्रश्न विचारला, "भाऊ, हे बिमारी तिकून इकळे आली, का इकून तिकळे चालली?" मला सांगता येईना. तेव्हापासून ही साइट वापरतोय.

नेक्स्टस्ट्रेन फुकट आहे, लॉगिन लागत नाही. सिॲटलचं फ्रेड हच केंद्र आणि स्वित्झर्लंडमधलं बासेल विद्यापीठ इथल्या मंडळींनी उभं केलंय. जगभरच्या लॅब विषाणूचा जनुकक्रम वाचून जमा करतात, त्यातले काही हजार निवडून इथे वंशावळीचं झाड मांडलेलं असतं. आपल्याकडे हेळव्यांच्या चोपडीत घराण्याच्या शाखा असतात ना, तसंच. प्रत्येक टिंब म्हणजे कुणाच्या तरी नाकातला एक नमुना. टिंबावर क्लिक केलं की नमुन्याचं नाव उघडतं. भारतातल्या काही नावांत 'एमएच' असतं आणि पुढे पुण्याच्या एनसीसीएस किंवा एनआयव्ही या संशोधन संस्थेचं नाव. पहिल्यांदा ते 'एमएच' दिसलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, गाडीचा नंबर दिसल्यासारखं वाटलं.

माझी सगळ्यात आवडती सोय म्हणजे रंग बदलणं. 'जीनोटाइप' निवडायचं, स्पाइकसाठी, म्हणजे विषाणूवरच्या काट्यांच्या प्रथिनासाठी, 'एस' आणि त्यातली जागा ४८४ टाकायची. २४ मार्च २०२१ ला केंद्र सरकारने सांगितलं होतं की महाराष्ट्राच्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल सापडलेत, एक जागा ४८४ वर, दुसरा ४५२ वर. झालं, टीव्हीवर 'डबल म्युटंट' सुरू. आता ४८४ टाकून बघा. हे दोन्ही बदल असलेल्या कप्पा या प्रकाराची फांदी वेगळ्या रंगात जाते, डेल्टा या प्रकाराची मात्र मूळ विषाणूच्याच रंगात राहते. ज्याने पुढे जग व्यापलं त्या डेल्टात ई४८४क्यू हा बदल नव्हताच! ४५२ टाकलं की दोन्ही फांद्या रंग बदलतात. माझी मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकते, तिला हे समजवायला मला दोन मिनिटं लागली. एरवी तासभर फळा खरवडला असता.

खालच्या पट्टीत विषाणूच्या कोणत्या प्रकाराचा वाटा कधी वाढला हे दिसतं. जास्त संसर्गजन्य कोण, हे याच पट्टीवरून उमगतं, पण घाई करू नये. एका गावात एखादा प्रकार वाढला तर ते एका लग्नाच्या पंगतीमुळेही असू शकतं. अल्फा हा प्रकार आधी इंग्लंडात केंट भागात सापडला आणि तिथून बऱ्याच देशांत वरचढ झाला. मार्च २०२१ मध्ये पंजाबात तपासलेल्या ४०१ नमुन्यांपैकी ८१ टक्के तोच होता. अशा घट्ट बसलेल्या अल्फाला डेल्टाने उत्तर भारतात हटवलं आणि पुढच्या दोन महिन्यांत खुद्द इंग्लंडातही हटवलं. हवामान वेगळं, माणसं वेगळी, निर्बंध वेगळे, निकाल एकच. आता याला नशीब म्हणता येत नाही.

आता नकाशाची तक्रार. 'प्ले' दाबलं की देशादेशांतून रेषा धावतात, बघायला झकास. पण देशाचे सगळे नमुने एका गोळ्यात कोंबलेले असतात आणि भारताचा गोळा देशाच्या मध्यावर, आमच्या सातपुड्याच्या अंगाला पडतो. त्या शेतकऱ्याला मी लॅपटॉप दाखवला तर म्हणे, "हे तं आपलं मेळघाट हाय ना वो!" दिवसभरात ही बातमी गुजरीत पोचली की करोना मेळघाटातून निघाला. निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले. दुसरं म्हणजे गोळा मोठा याचा अर्थ तिथे रुग्ण जास्त असा नाही, झाडात तिथले नमुने जास्त एवढाच. ब्रिटनने ढिगाने नमुने वाचले. आमच्याकडून गेलेल्या स्वॅबपैकी एखादा तरी वाचला गेला का, हे मला कुणी कळवलं नाही. रेषासुद्धा गणिताने काढलेला अंदाज असतो, कुणाचं विमानाचं तिकीट नव्हे. मधल्या देशाने नमुने वाचलेच नाहीत तर रेषा त्याला ओलांडून जाते.

तारखाही नीट बघा. नमुना घेतल्याची एक आणि जमा केल्याची दुसरी. कित्येक ठिकाणी मध्ये महिने गेलेले दिसतात. म्हणजे आज जे चित्र दिसतं ते तेव्हा कुणालाच दिसत नव्हतं. डेल्टाचे सुरुवातीचे नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत, तर जागतिक आरोग्य संघटनेने त्याला चिंताजनक ठरवलं मे २०२१ मध्ये. 'डेल्टा' हे नावसुद्धा ३१ मेचं. तोवर आमची लाट ओसरत आली होती.

नुसता देशवार आलेख हवा असेल तर एमा हॉडक्रॉफ्ट यांची कोव्हेरियंट्स ही साइट सोपी आहे, झाडाच्या भानगडीत पडावं लागत नाही. मोबाइलवर मात्र नेक्स्टस्ट्रेन उघडू नका, फांद्या शेवयांसारख्या गुंततात. लॅपटॉप घ्या, आणि भलत्याच फांदीत शिरलात तर 'रीसेट' दाबा.

आता करोनाचं पान महिन्यातून एकदा बघतो. डेंगूचं झाडही तिथेच आहे, चारही प्रकारांचं. पावसाळा लागला की ते उघडं ठेवतो. शेतकरी आला की आता नकाशा आधी बंद करतो.