कोर्ट आणि सरकार भांडतात तेव्हा: अवमान, निकाल की मध्यस्थी?

आमच्या तालुका कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये पावसाळ्यात दोन बादल्या लागतात, एक टपकं पडतं तिथे आणि दुसरी पहिली भरली की लगेच सरकवायला. नवीन इमारतीची फाइल विधी व न्याय विभाग आणि पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं) यांच्या मधे कुठेतरी अडकलीये. बारमध्ये, म्हणजे आमच्या वकील संघटनेत, दोन तट पडलेत, एक म्हणतो हायकोर्टात जाऊन कोर्टाच्या अवमानाखाली सचिवांना उभं करा, दुसरा म्हणतो कुणीतरी वजनदार माणूस मधे घालून मिटवा. शनिवारी ठराव आहे, त्याआधी हे वाचा.

सचिवांना उभं करण्याचं आधी बघू. अलाहाबाद हायकोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये अगदी हेच केलं, निवृत्त न्यायाधीशांच्या सुविधांचे नियम सरकार काढत नाही म्हणून यूपीच्या अर्थ खात्याचे दोन सचिव थेट कस्टडीत. दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाचा स्टे. मग ३ जानेवारी २०२४ ला निकाल आला, त्यात आदेश तर रद्द झालेच, वर अधिकाऱ्यांना कधी आणि कसं बोलवायचं याची एसओपीच (ठरलेली कार्यपद्धती) लिहून दिली: आधी व्हिडिओ कॉन्फरन्स, उगाच उभं ठेवायचं नाही, कपड्यांवरून बोलायचं नाही. म्हणजे रुबाब झाला एका दिवसाचा आणि हात बांधले गेले देशभरातल्या कोर्टांचे.

आता बांद्र्याचं बघा. मुंबई हायकोर्टाची फोर्टातली इमारत १८७८ ची, जागा पुरत नाही हे सगळ्यांना माहीत, तरी नव्या इमारतीसाठी बांद्र्यातली जमीन काही हलत नव्हती. २०२४ मध्ये वकील संघटनांच्या पुढाऱ्यांनी पत्र लिहिलं, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, पण कुणाला आत टाकलं नाही. एकत्र बसा, तारीख सांगा, पुढच्या तारखेला किती झालं ते सांगा, एवढंच. एकूण ३०.१६ एकर, त्यातली ४.३९ एकर आधी, आणि २३ सप्टेंबर २०२४ ला भूमिपूजन. याला कुणी कागदोपत्री मेडिएशन म्हणत नाही, पण आहे तेच, फक्त बंद दाराआड नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो, कारण दोन भावांच्या वाटणीत गुप्तता चालते पण कोर्ट आणि सरकारमध्ये गुपचूप काय ठरलं असा संशय आला तर उद्या त्याच सरकारविरुद्धचा निकाल कोण मानणार.

मधला माणूस कोण, हेही बघायलाच हवं. पाकिस्तानात लष्करी सत्ताधीश मुशर्रफने सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींना घरी बसवलं, नंतरचं सरकारही त्यांना परत घेईना, वकिलांचा लाँग मार्च इस्लामाबादकडे निघाला तेव्हा पडद्यामागून लष्करप्रमुख कयानी मधे पडले आणि १६ मार्च २००९ ला पहाटे पंतप्रधान गिलानींनी पुनर्नियुक्ती जाहीर केली. भांडण मिटलं का? जून २०१२ मध्ये चौधरींच्याच कोर्टाने गिलानींना अवमानावरून अपात्र ठरवलं! आणि मिटवणारा लष्करवाला, म्हणजे ज्याच्या हातात बंदूक त्याचाच शब्द शेवटचा.

निकालाचा रस्ता राहिला. न्यायाधीश कोणी नेमायचे यावर तडजोड होऊच शकत नाही असं माझं मत, अधिकाराचा प्रश्न आहे तो. एनजेएसी, म्हणजे न्यायाधीश नेमण्यासाठी सरकारने आणलेला आयोग, सुप्रीम कोर्टात १६ ऑक्टोबर २०१५ ला ४ विरुद्ध १ ने रद्द झाला ते त्यामुळेच योग्य (त्यानंतरही मेमोरँडम ऑफ प्रोसिजरवर, म्हणजे नेमणुकीच्या कार्यपद्धतीवर, दोन्हीकडची ओढाताण चालूच राहिली, ते वेगळं).

आपलं भांडण अधिकाराचं नाही, छपराचं आहे. माझं मत बैठकीला: पालक न्यायमूर्तींना (आपल्या जिल्ह्यावर देखरेख ठेवणारे हायकोर्टाचे न्यायमूर्ती) पत्र, जिल्हा न्यायाधीशांसमोर पीडब्ल्यूडी आणि बार, आणि मिनिट्सवर, म्हणजे बैठकीच्या नोंदीवर, सह्या, नुसता चहा नको. कुठलेही आमदार मधे नकोत, आपल्या ओळखीचे असले तरी, त्यांचा एक तरी दावा याच कोर्टात निघतो. तीन महिन्यांत टेंडर नाही निघालं तर त्याच मिनिट्स जोडून याचिका टाकू, तेव्हा अवमानवाल्यांच्या शेजारी मीही उभा राहीन.