चट्टा एक्झिमाचा की लिम्फोमाचा: आयएचसी करावी की टीसीआर जीन टेस्ट?

कमरेवर, मांडीवर वर्षानुवर्षे असलेला चट्टा मलमाने फिका पडतो, पुन्हा उठतो. मग बायोप्सीच्या रिपोर्टवर शेरा येतो: ‘मायकोसिस फंगॉइडिस नाकारता येत नाही’. त्वचेच्या टी-सेल लिम्फोमांपैकी, म्हणजे टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगांपैकी, हा सर्वाधिक आढळणारा, पण सुरुवातीला स्लाइडवरही एक्झिमासारखाच दिसू शकणारा. पुढे कोणत्या तपासणीवर खर्च करायचा?

आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) बहुधा जुन्याच ब्लॉकवर, म्हणजे बायोप्सीच्या मेणात जपलेल्या तुकड्यावर होते. टी-पेशींवरचे सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी७ असे मार्कर (ओळख पटवणारी प्रथिनं) रंगवून पाहतात. पेशींवरून सीडी७ नाहीसा झाला की संशय वाढतो. पण साध्या दाहातही तो कमी होतो. म्हणून २००५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तो १० टक्क्यांहून कमी पेशींवर दिसावा लागतो. सीडी२, सीडी३ किंवा सीडी५ निम्म्याहून कमी पेशींवर असेल तर पुरावा जास्त वजनदार, मात्र सुरुवातीच्या चट्ट्यात असं क्वचितच सापडतं. शिवाय सावळ्या त्वचेवर, विशेषतः तरुण वयात, हा आजार फिकट डागांच्या रूपात येतो. आपल्याकडे त्याला आधी कोड किंवा कुष्ठरोग समजलं जातं. त्यात अनेकदा सीडी८ पेशीच जास्त असतात, त्यामुळे ‘सीडी४ वरचढ म्हणजे लिम्फोमा’ हा ठोकताळा इथे चालत नाही.

टीसीआर म्हणजे टी-पेशींवरचा रिसेप्टर; त्याच्या जीनवरून ही टेस्ट टी-पेशी एकाच कुळातल्या, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या आहेत का, ते पाहते. पातळ चट्ट्यात रोगट पेशी मोजक्याच असल्या तर पीसीआर (जीनच्या प्रती वाढवून तपासण्याची पद्धत) हुकतो, उलट लायकेन प्लानससारख्या निरुपद्रवी आजारातही एक कूळ सापडू शकतं. दोन वेगळ्या जागांच्या बायोप्सीत तेच कूळ मिळालं, तर मात्र दुर्लक्ष करू नये. सीक्वेन्सिंग (जीनचा क्रम वाचणं) अधिक बारकाईनं पाहतं, पण महाग पडतं.

२००५ च्या त्याच निकषांत निदानाला ४ गुण लागतात. चट्ट्यांच्या रूपाला २ पर्यंत, स्लाइडला २ पर्यंत, आयएचसी आणि टीसीआरला प्रत्येकी फक्त १. दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आल्या तरी २ च गुण! म्हणून माझं मत: पहिला खर्च चांगल्या बायोप्सीवर करा. डॉक्टरांना विचारून स्टेरॉइड मलम २ ते ४ आठवडे थांबवा, दोन जागांचे तुकडे द्या, स्लाइड त्वचेच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. त्यासोबत आयएचसी घ्या. टीसीआर उत्तर अडलं तरच.

चट्टे पातळ आणि थोडेच असतील तर काही महिन्यांनी पुन्हा बायोप्सी करणं सहसा चालतं. गाठ, जखम किंवा सुजलेली लसीकाग्रंथी दिसली तर थांबू नका. आणि शंका मिटेपर्यंत एक्झिमा समजून डुपिलुमॅब किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्तीवर काम करणारी औषधं सुरू करण्याची घाई नको; त्यानंतर दडलेला लिम्फोमा उघड झाल्याच्या, बळावल्याच्या नोंदी आहेत.