टीएचपी-१ पेशी: साल्मोनेलाच्या जनुकांची परीक्षा घ्यायला कितपत भरवशाच्या?

रक्ताच्या कर्करोगातून 1980 मध्ये तयार झालेली ही मानवी पेशीमालिका. साल्मोनेला या जिवाणूला पेशीच्या आत जगायला कोणतं जनुक लागतं, ते हिच्यात तपासतात. गोठवलेली कुपी विकत मिळते, वाढतेही सहज. फक्त मिलीलिटरमागे दहा लाखांच्या वर दाटी होऊ देऊ नका.

खरी मेख पीएमए या रसायनात आहे. ते दिल्याशिवाय पेशी तळाला चिकटत नाहीत, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) बनत नाहीत. पण मात्रा जास्त झाली की पेशी आधीच चवताळतात आणि जनुकाचा परिणाम झाकला जातो. 10 ते 25 नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर, 48 तास. मग पीएमएविना एक दिवस विश्रांती. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं संसर्गाआधीच काढा. हे विसरणारे कमी नाहीत!

पेशीमागे दहा जिवाणू, अर्धा तास. नंतर बाहेर उरलेले जिवाणू मारायला जेंटामायसिन हे प्रतिजैविक, मिलीलिटरमागे 100 मायक्रोग्रॅम, एक तास. पुढे 10 वर आणा. मोठी मात्रा रात्रभर ठेवली तर औषध पेशीत झिरपतं आणि आतले जिवाणूही मरतात. शेवटी 0.1 टक्के ट्रायटनने (साबणासारखं द्रव्य) पेशी फोडून सुटलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजा.

पेशीत जगायला लागणारं ‘फोपी’ (phoP) किंवा ‘एसएसएव्ही’ (ssaV) जनुक काढलेले जिवाणू आत नीट वाढत नाहीत. तो फरक इथे दिसायलाच हवा. मात्र संसर्गानंतरचा 18 तासांचा आकडा 2 तासांच्या आकड्याने भागा, नाहीतर कमी गिळले गेलेले जिवाणू ‘मेले’ म्हणून मोजले जातील. धुताना सुटून गेलेल्या पेशीही असाच चकवा देतात.

अनेक जनुकांच्या पहिल्या चाळणीसाठी या पेशी उत्तम. अंतिम दाव्यासाठी मात्र दात्याच्या रक्तातले मॅक्रोफेज वापरा, खर्च वाढला तरी.