वर्षातून दहा-बारा वेळा चालणारं होडीचं इंजिन: चौदा महिन्यांचा अनुभव

आमची शेती करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. आम्ही राहतो सोलापुरात. पलीकडच्या काठाला जायला फायबरची होडी आहे, तिला चौदा महिन्यांपूर्वी आठ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घेतलं. चालवायला उत्तम. आवाज कमी, पेट्रोल बेताचं, चौघं बसले तरी दम लागत नाही. वजन मात्र चाळीस किलोच्या आसपास, एकट्यानं उचलायचं काम नाही. कोणती कंपनी चांगली ते मी सांगणार नाही, कारण मला त्रास झाला तो इंजिन चालवून नाही, उभं ठेवून.

उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली गेली की पाणी काठापासून लांब सरकतं आणि होडी गाळावर बसते. पहिल्या उन्हाळ्यात टाकीत निम्मं पेट्रोल तसंच ठेवून इंजिन शेडमध्ये झाकून ठेवलं. धरण भरल्यावर दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, इंजिन ढिम्म.

सोलापुरात आमच्या ओळखीचा दुचाकीचा मेकॅनिक आहे, त्याच्याकडे नेलं. त्यानं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी कट्ट्यावर ठेवली. थोड्या वेळानं तळाशी बोटभर वेगळाच थर दिसायला लागला. “अण्णा, इंजिनाला काय बी झालं नाही. पेट्रोल खराब झालंय.” आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरतं, आणि अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने तीच हवा आत ओढत राहते. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात, आणि टाकीतून पेट्रोल खेचणारी नळी असते तळालाच. कार्बोरेटरच्या वाटीतही पेट्रोल आटून चिकट राळ झाली होती, पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक बुजलेलं. ते तारेनं कोरू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा फवारा पुरतो.

तेव्हापासून होडी महिनाभर लागणार नसेल तर पेट्रोलचा पाइप काढतो, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू देतो आणि कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढतो. टाकीतलं पेट्रोल मोटरसायकलीत जातं. एवढ्या एका सवयीनं माझं निम्मं दुखणं गेलं.

त्याच फेरीत आणखी एक चूक झाली. पिकअपमध्ये इंजिन भलत्या कुशीवर आडवं टाकलं होतं, त्यामुळे ऑइल सिलिंडरमध्ये उतरलं आणि सुरू झाल्यावर बराच वेळ निळा धूर. कोणत्या कुशीवर झोपवायचं ते पुस्तिकेत असतं. शक्यतो उभंच ठेवा.

गियर ऑइल वर्षाला बदलायचं असतं. खालचा स्क्रू काढला तर दुधाच्या चहासारखं ऑइल बाहेर आलं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. पाण्यातला पंखा (प्रोपेलर) उतरवला तेव्हा कारण सापडलं. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पंख्याच्या शाफ्टला घट्ट गुंडाळला जाऊन पाणी अडवणाऱ्या सीलमध्ये रुतला होता. उजनीत असा तंगूस जागोजाग तरंगतो, त्यामुळे आता दर तीन-चार फेऱ्यांनी पंखा काढून बघतोच. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला.

उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दोनशे लिटरच्या ड्रममध्ये इंजिन दहा मिनिटं चालवतो. पंखा काढून, न्यूट्रलमध्ये, आणि पाणी ओढायची जाळी पूर्ण बुडेल एवढं पाणी घालून. कोरडं तर क्षणभरही नाही, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) लगेच जळतं. मागून पाण्याची धार जोरात येते की नाही ते बघायचं. धार बारीक झाली की जाळीत गाळ आहे किंवा इंपेलरची पाती वाकलेलीच राहिली आहेत. माझं इंपेलर बदलावं लागलं.

घरचे म्हणतात, दहा-बारा फेऱ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव आणि कळाशी या गावांच्या मध्ये वादळात बोट उलटून सहा जण गेले. संध्याकाळी उजनीवर वारा सुटला की लाटा कशा उठतात ते मी पाहिलंय. मध्यावर इंजिन बंद पडून होडी वाऱ्याला आडवी व्हायला नको. त्यामुळे लाइफ जॅकेट सगळ्यांना, वल्ही कायम होडीत, आणि इंजिन बंद करायची दोरी माझ्या मनगटाला.

पेट्रोलच्या पाइपाला सोलापूरच्या उन्हानं बारीक भेगा पडल्यात. पुढच्या उन्हाळ्याआधी तो बदलणार आहे.